दोन तपास
(द्वितीय वर्ष कला)

खून झाला की वस्तीत दोन तपास सुरू होतात. एक पोलिसांचा आणि दुसरा लोकांचा. पहिल्याला पंचनामा लागतो, पंच लागतात, साक्षीदारांचे जबाब आणि रासायनिक तपासणीचे अहवाल लागतात. दुसऱ्याला नळावरची रांग पुरते. नाक्यावरची चहाची टपरी किंवा सकाळची गर्दीची लोकल मिळाली तर उत्तमच. पहिल्या तपासाला वर्षे लागतात. दुसरा बहुधा संध्याकाळपर्यंत आटोपतो आणि जाता जाता शिक्षाही सांगून मोकळा होतो : "भर चौकात फाशी द्या."

हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेले आहे, आणि आपल्यापैकी अनेकांनी ते उच्चारलेलेही असेल. त्यामागचा संताप खोटा नसतो. परंतु संतापाला तपास म्हणता येईल काय, हा प्रश्न मला गेले काही महिने सतावतो आहे. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या तपासाचा थोडा अभ्यास करण्याचा विचार आहे. त्यासाठी फार लांब जायला नको. आपल्या कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसपासून सुरू झालेला एक खटला २८ जानेवारी २०२५ रोजी दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात संपला. अकरा वर्षांच्या या प्रकरणात दोन्ही तपास शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात.

हकीकत अशी. नाताळची सुट्टी आंध्र प्रदेशात मछलीपट्टणम येथे आईवडिलांकडे घालवून २३ वर्षांची एक संगणक अभियंता मुंबईला कामावर परतत होती. विजयवाड्याला ती गाडीत बसली. ५ जानेवारी २०१४ रोजी पहाटे पाचच्या सुमारास गाडी टर्मिनसला लागली. तिला अंधेरीच्या वसतिगृहात जायचे होते. ती तेथे पोचलीच नाही. फोन लागेना म्हणून वडिलांनी विजयवाड्याच्या रेल्वे पोलिसांकडे तक्रार दिली, ती पुढे कुर्ल्याच्या रेल्वे पोलिसांकडे आली. नातेवाईक मुंबईत येऊन स्वतः शोध घेत फिरले. १६ जानेवारीला पूर्व द्रुतगती महामार्गालगत, कांजूरमार्ग-भांडुपच्या बाजूला झुडपांत तिचा जळालेल्या अवस्थेतील मृतदेह सापडला.

मार्चच्या आरंभी पोलिसांनी एका माणसाला अटक केली. सरकार पक्षाचे म्हणणे असे की, त्या पहाटे तो टर्मिनसवर होता. 'अंधेरीला सोडतो' म्हणून त्याने तीनशे रुपयांत तिला तयार केले, मोटारसायकलवरून नेले आणि वाटेत अत्याचार करून तिचा खून केला. अपहरण, बलात्कार, खून, जबरी चोरी, पुरावा नष्ट करणे असे आरोप त्याच्यावर ठेवले गेले. २७ ऑक्टोबर २०१५ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्याला दोषी ठरवले व ३० ऑक्टोबरला फाशीची शिक्षा सुनावली. २० डिसेंबर २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने ती कायम केली. आणि २०२५ मध्ये न्या. भूषण गवई, न्या. प्रशांतकुमार मिश्रा व न्या. के. व्ही. विश्वनाथन यांच्या पीठाने त्याची निर्दोष मुक्तता केली.

या लेखात मी दोघांचीही नावे लिहिलेली नाहीत. बलात्कारपीडितेचे नाव छापू नये असे कायदा सांगतो. मृत्यूनंतरही हे बंधन उरते. वृत्तपत्रांनी त्या वेळी ते सर्रास छापले, हा भाग वेगळा. आणि ज्याला देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सोडले त्याचे नाव पुन्हा एकदा त्याच गुन्ह्याशेजारी छापण्यात मला तरी काही औचित्य दिसत नाही.

हे घडले तेव्हा मी आठ वर्षांची होते. माझे वडील टर्मिनसबाहेर रिक्षा चालवतात. त्यामुळे आमच्या घरात या प्रकरणाची चर्चा दोन बाजूंनी येत असे. एका बाजूने आई मला आणि बहिणीला बजावत असे, "परक्याच्या रिक्षात एकट्या बसू नका." दुसऱ्या बाजूने वडील सांगत की, उतारू आता बसण्याआधी रिक्षाचा नंबर टिपून घेतात, त्यांच्याकडे टक लावून पाहतात, आणि मग बसतच नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच चुलीपुढे, एकाच संध्याकाळी बोलल्या जात. पहिले काही दिवस 'रिक्षावालाच असणार' असे आमच्या गल्लीत सर्वांना ठाऊक होते. मग 'टॅक्सीवाला' हे ठाऊक झाले. मग 'हमालांपैकी कोणीतरी'. दर वेळी पहिली खात्री सोडताना कोणी चुकचुकल्याचे मला आठवत नाही, आणि नवी खात्री जुनीइतकीच पक्की असे. अटकेची बातमी आली तशी चर्चा थांबली. गुन्हा उलगडला असे सर्वांनी धरून चालले. माझ्या वडिलांच्या रिक्षात पुन्हा उतारू बसू लागले, हेही येथे नमूद केले पाहिजे. आम्हालाही त्या अटकेने हायसेच वाटले होते.

लोकांचा तपास मुख्यतः भाषेत चालतो, असे मला वाटते. म्हणून प्रथम शब्दांकडे पाहू. ज्याच्यावर पोलिसांची नजर आहे तो 'संशयित'. ज्याच्यावर रीतसर आरोप आहे तो 'आरोपी'. ज्याचा गुन्हा न्यायालयात शाबीत झाला तो 'दोषी' किंवा 'गुन्हेगार'. या तीन पायऱ्या आहेत आणि मराठीत त्यांसाठी तीन चांगले शब्द आहेत. पण नाक्यावर या पायऱ्या एका उडीत चढल्या जातात. छापील मजकूरही फारसा मागे नसतो. 'नराधमाला बेड्या', 'खुनी अखेर जेरबंद', 'आरोपीची कबुली' असे मथळे आपण अटकेच्या दुसऱ्या दिवशी वाचतो. 'नराधम' हे कायद्यातले कोणतेच पद नव्हे. पण एकदा ते लागले की पुढे 'कथित' हा शब्द कितीही वेळा छापला तरी ते पुसले जात नाही.

यांतल्या 'कबुली' या शब्दाकडे जरा अधिक लक्ष द्यावे लागेल. पोलिसांसमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून वापरता येत नाही. हा नियम नवा नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याच्या पंचविसाव्या कलमात तो होता, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या तेविसाव्या कलमातही तो आहे. इंग्रजांना आपल्याच पोलिसांचा भरवसा नव्हता, असा त्याचा सरळ अर्थ. कोठडीत माणूस मारामुळे, भीतीने किंवा नुसत्या थकव्याने काहीही कबूल करील, हे त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी ओळखले. कबुली द्यायचीच असेल तर ती न्यायदंडाधिकाऱ्यासमोर द्यावी लागते. तो दंडाधिकारी आधी सांगतो की, बाबा रे, कबुली देण्याचे तुझ्यावर बंधन नाही, दिलीस तर ती तुझ्याविरुद्ध वापरली जाईल. कोठडीतील माहितीवरून एखादी वस्तू प्रत्यक्ष सापडली तर तेवढ्या शोधापुरती ती माहिती ग्राह्य धरतात, बाकीची नाही. म्हणजे ज्या 'कबुली'वर सारी वस्ती निकाल देऊन टाकते, ती न्यायालयाच्या दारातून आतसुद्धा येत नाही. आणि मग ती आत आली नाही म्हणून लोक न्यायालयालाच दोष देतात! सुशांतसिंह राजपूत प्रकरणाच्या वार्तांकनानंतर मुंबई उच्च न्यायालयाने १८ जानेवारी २०२१ रोजी एक निकाल दिला. पोलिसांपुढची कथित कबुली, ती पुरावा म्हणून चालत नाही हे लोकांना न सांगताच, ग्राह्य असल्यासारखी दाखवू नये, असे त्यात वृत्तवाहिन्यांना बजावले आहे. त्यानंतरही मथळे बदललेले मला दिसले नाहीत.

असेच एक चुकीचे ऐकलेले पद म्हणजे 'आरोपपत्र'. "आरोपपत्र दाखल झालं, म्हणजे सिद्धच झालं की," असे आमच्या शेजारच्या काकू म्हणतात. वस्तुतः ते पोलिसांनी आपल्या तपासाचे फलित न्यायालयापुढे ठेवण्याचे कागद होत. खुनासारख्या गुन्ह्यात आरोपी कोठडीत असेल तर नव्वद दिवसांत ते दाखल व्हावे लागतात, नाहीतर त्याला जामिनाचा हक्क मिळतो. त्यानंतर न्यायाधीश ते पाहून आरोप निश्चित करतात, आरोपीला ते त्याला समजेल अशा भाषेत सांगतात आणि 'गुन्हा कबूल आहे काय?' असे विचारतात. खटला सुरू होतो तो त्यानंतर. लोकांचा खटला मात्र तोवर केव्हाच निकाली निघालेला असतो.

आणखी एक गोष्ट. आरोपीला न्यायालयात नेताना पोलीस त्याच्या तोंडावर फडके किंवा बुरखा टाकतात. "एवढा गुन्हा केला आणि वर तोंड लपवतात," अशी त्यावर टीका होते. ते तोंड आरोपीच्या लाजेसाठी झाकलेले नसते. पुढे ओळख परेड व्हायची असते. बऱ्याच माणसांत उभ्या केलेल्या संशयिताला साक्षीदाराने ओळखायचे असते. त्याआधी साक्षीदाराने तो चेहरा वर्तमानपत्रात पाहिला असेल तर त्या ओळखीला किंमत राहत नाही. म्हणजे तोंड झाकणे हे फिर्यादीच्याच हिताचे. लोकांच्या तपासाला नेमका तोच चेहरा आधी हवा असतो.

आता पुन्हा आपल्या खटल्याकडे वळू. खून होताना पाहिलेला एकही साक्षीदार नव्हता. सारा खटला परिस्थितिजन्य पुराव्यावर उभा होता. अशा पुराव्याची परीक्षा कशी करावी याचे नियम सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली पुण्याच्या सारडा खटल्यात घालून दिले. न्यायालयाने स्वतःच त्यांना 'पंचशील' म्हटले आहे. मला समजले ते असे : ज्या परिस्थितीवरून निष्कर्ष काढायचा ती परिस्थिती स्वतः पूर्णपणे सिद्ध झालेली असावी. ती आरोपीच्या दोषाशीच जुळावी. ती निर्णायक स्वरूपाची असावी. दुसऱ्या कोणत्याही शक्यतेला तिने जागा ठेवू नये. आणि पुराव्याची साखळी अशी अखंड असावी की, हे कृत्य याच माणसाचे, असेच म्हणावे लागेल. साखळी हा शब्द येथे फार योग्य आहे. विहिरीत घागर सोडली आणि साखळीची एक कडी निघाली, तर बाकीच्या कड्या भक्कम असूनही घागर तळाशीच जाते.

सरकार पक्षाच्या साखळीत महत्त्वाच्या कड्या कोणत्या होत्या? टर्मिनसवरच्या कॅमेऱ्यांची चित्रफीत. तरुणीला आरोपीबरोबर पाहिल्याचे सांगणारे साक्षीदार. आरोपीने ओळखीच्या माणसाजवळ दिलेली म्हणून सांगितलेली कबुली. आणि तिच्या म्हणून जप्त झालेल्या वस्तू.

चित्रफितीबद्दल आमच्या गल्लीत कोणालाच शंका नव्हती. "कॅमेऱ्यात दिसतोय ना!" यापुढे बोलणेच खुंटत असे. पण कायदा येथे एक साधा कागद मागतो. मूळ यंत्र न्यायालयात न आणता त्यावरून काढलेली प्रत दाखवायची असेल, तर जुन्या पुरावा कायद्याच्या ६५-ब कलमाप्रमाणे एक प्रमाणपत्र जोडावे लागते (नव्या कायद्यात हे कलम ६३ आहे). प्रत कोणत्या यंत्रावरून काढली, ते यंत्र तेव्हा नीट चालत होते काय, ते कोणाच्या ताब्यात होते, हे एका जबाबदार व्यक्तीने सहीनिशी लिहून द्यायचे. चित्र आणि आवाज यांत फेरफार करणे सोपे असते, म्हणून ही खबरदारी. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे प्रमाणपत्र आवश्यक असल्याचे सांगितले होते. म्हणजे आपल्या खटल्याचा निकाल लागण्याच्या वर्षभर आधी. मध्यंतरी एका निकालाने थोडी सूट दिली, पण २०२० साली जालन्याच्या एका निवडणूक याचिकेत, अर्जुन खोतकर प्रकरणात, तिघा न्यायमूर्तींनी ती सूट काढून टाकली. शिवाय खटला संपेपर्यंत प्रमाणपत्र केव्हाही सादर करता येते असेही सांगितले. कुर्ल्याच्या या खटल्यात ते सादर झालेच नाही. परिणामी चित्रफीत पुरावा म्हणून बाद झाली.

येथे नाका म्हणेल, "म्हणजे एका कागदासाठी सुटला." असे मीही प्रथम ऐकले होते. निकाल इंग्रजीत आहे. शब्दकोश जवळ घेऊन, आणि अडेल तेथे आमच्या सरांना विचारून तो वाचला, तेव्हा चित्र वेगळे दिसले. न्यायालय त्या कागदापाशी थांबलेले नाही. एकत्र पाहिल्याचे सांगणाऱ्या साक्षीदारांचे जबाब घटनेनंतर बऱ्याच काळाने नोंदले गेले होते. इतक्या गाजलेल्या प्रकरणात ज्याने काही पाहिले तो इतके दिवस गप्प का बसला, हा प्रश्न अनुत्तरित राहिला. त्रयस्थाजवळची कबुली हा मुळातच दुबळा पुरावा. तिला दुसऱ्या कशाचा तरी आधार लागतो, आणि तोही न्यायालयाला मिळाला नाही. वस्तूंच्या जप्तीवरही विश्वास ठेवता आला नाही. सरकार पक्षाच्या कथेत मोठाली भगदाडे आहेत, असा न्यायालयाचा अभिप्राय आहे. एक-एक कडी हातात घेऊन त्यांनी ओढून पाहिली आहे. आणि समजा, चित्रफीत ग्राह्य धरली असती तरी तिच्यात काय होते? स्थानकावर चालणारी माणसे. एकत्र चालणे म्हणजे खून नव्हे. 'शेवटचे एकत्र पाहिले' आणि 'मृत्यू झाला' यांमधले अंतर जितके मोठे, तितका तिसऱ्या माणसाला मध्ये शिरायला वाव राहतो. खालच्या दोन्ही न्यायालयांनी तोच पुरावा पुरेसा मानला होता, हेही खरे. विचारी माणसांत मतभेद होऊ शकतात. फाशीच्या बाबतीत मात्र ते शेवटच्या पायरीवर का होईना, कळले हे बरे झाले.

माझ्या मते या खटल्यात लोकांच्या तपासाने खरी हानी केली ती येथे. आमच्या सर्वांचे समाधान अटकेपाशी झाले. ज्याला आधीच खात्री पटली आहे तो पुढचे प्रश्न विचारत नाही. प्रमाणपत्र दाखल झाले का? जबाब इतक्या उशिरा का नोंदले? दुसऱ्या कोणाचा तपास झाला का? मोर्चे निघाले, मेणबत्त्या लागल्या, 'लवकर निकाल द्या', 'फाशी द्या' असे फलक धरले गेले. 'तपास नीट करा' असा एक तरी फलक असावा, असे कोणाला वाटले असेल काय? वस्तीचा दबाव असतोच; तो पोलिसांवर 'कोणीतरी पकडा' असा पडण्याऐवजी 'योग्य तो माणूस पकडा आणि सिद्ध करा' असा पडता, तर त्या मुलीच्या बाजूने तो अधिक उपयोगी ठरला असता. ती कडी खटला चालू असतानाच जोडता आली असती, किंवा जोडता येत नाही हे तरी तेव्हाच उघड झाले असते.

लोकांचे न्यायालय नेहमी फाशीच देते असेही नाही. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलाचे कमांडर नानावटी यांनी आपल्या पत्नीच्या प्रियकराला मुंबईत गोळ्या घातल्या आणि स्वतः पोलिसांत हजर झाले. येथे लोकांनी आरोपीलाच डोक्यावर घेतले. 'ब्लिट्झ' साप्ताहिकाने त्यांची बाजू उचलून धरली. जूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. सत्र न्यायाधीशांना तो कौल मान्य झाला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. १९६० साली उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. १९६४ साली राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. कमांडर देखणा आणि गणवेशातला होता. आपल्या खटल्यातला आरोपी तसा नव्हता. दोन्ही वेळा लोकांनी पुरावा पाहिला नाही, माणूस पाहिला.

उपनगरांच्या आठवणीतला मोठा खटला अर्थात रमण राघवचा. १९६८ मध्ये उघड्यावर आणि झोपड्यांत झोपलेल्या गोरगरिबांची डोकी ठेचून खून होत होते, लोक काठ्या घेऊन रात्र जागवत होते. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक अॅलेक्स फियालो यांनी त्याला ओळखून पकडले. तपास रमाकांत कुलकर्णी यांच्या हाती होता. त्याने दिलेली कबुली प्रसिद्ध आहे. सत्र न्यायालयाने फाशी दिली, पण तो मनोरुग्ण असल्याचे तज्ज्ञांनी सांगितल्यावर १९८७ साली उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली. १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात तो आजारपणाने वारला. आमच्या आजीला विचारा, ती ठामपणे सांगते, "त्याला तेव्हाच फासावर दिला." मी तिला तारखा दाखवल्या. ती म्हणाली, "तुझ्या पुस्तकात काहीही असेल गं." लोकांचा निकाल खऱ्या निकालापेक्षा किती टिकाऊ असतो याचा यापेक्षा चांगला पुरावा मला मिळाला नसता.

येथे एक आक्षेप प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. अशा रीतीने प्रत्येकालाच संशयाचा फायदा मिळत राहिला, तर गुन्हेगार सुटतील आणि आमच्यासारख्या पहाटेच्या गाडीने येणाऱ्या मुलींनी काय करावे? हा आक्षेप पोकळ नाही. न्या. कृष्ण अय्यर यांनी १९७३ च्या बोबडे खटल्यात 'असू शकेल' आणि 'असलाच पाहिजे' यांमधले अंतर फार मोठे असते, असे बजावले. त्याच निकालात त्यांनी असेही म्हटले की, संशयाचा फायदा हे तत्त्व वाटेल तसे ताणू नये. दोषी माणूस सहज सुटू लागला तर लोकांचा कायद्यावरचा विश्वास उडतो. दोन्ही गोष्टी एकाच निकालात आहेत, आणि मला त्या दोन्ही खऱ्या वाटतात. पण त्यावरचा उपाय पुरावा कमी मागणे हा नव्हे. पुरावा अधिक चांगला गोळा करणे हा आहे. उपनगरातली मुलगी म्हणून मला विचाराल, तर मला सुरक्षित वाटेल ते कोणीतरी फासावर गेला म्हणून नव्हे. ज्याने केले तोच सापडला, याने वाटेल.

"अशाला वकीलच देऊ नये," असेही आमच्याकडे म्हणतात. काही ठिकाणच्या वकील संघटनांनी तसे ठरावही पूर्वी केले होते. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदेशीर ठरवले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील अजमल कसाबलाही वकील दिला गेला. तो देऊनच त्याचा गुन्हा शाबीत झाला आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी त्याला येरवड्यात फाशी झाली. आरोपीचा वकील ही साखळीची प्रत्येक कडी ओढून पाहणारी व्यक्ती. ती ओढून पाहिली म्हणूनच त्या फाशीबद्दल नंतर कोणाला शंका उरली नाही.

मार्च २०१४ ते जानेवारी २०२५ म्हणजे जवळजवळ अकरा वर्षे तो माणूस तुरुंगात होता. त्यांपैकी नऊ वर्षांहून अधिक काळ डोक्यावर फाशी घेऊन. निकाल आला त्या दिवशी आमच्या गल्लीत बातमी पसरली ती "तो टर्मिनसवाला सुटला" अशी. 'सुटला' हा मराठीत मोठा सोयीचा शब्द आहे. शिक्षा भोगून बाहेर आलेलाही सुटतो, पळून गेलेलाही सुटतो, निर्दोषही सुटतो. मी काकूंना निकालातली भगदाडे एक-एक करून सांगितली. त्या भाजी निवडत होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. वडील कामावरून येऊन पाय धूत होते, तेही ऐकत थांबले. मग काकूंनी विचारले, "मग त्या पोरीला मारलं कोणी?"

या अकरा वर्षांत हा प्रश्न आमच्या गल्लीत मी पहिल्यांदाच ऐकला.